कोरडा खड्डा

“डावीकडून काही येतंय का, बाबा?”

ठकीनं आपला हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला होता आणि ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. पडद्यावर एक ओसाड कोठार दिसत होतं. तिच्या संघातला एक गडी त्या कोठारात आमच्याभोवती गोल फिरत होता. तिनंच त्याला तसं फिरायला सांगितलं होतं. तो समोर पत्र्यावरून चालला, ते मला ऐकू आलं. उजवीकडे गेला, तेही आलं, बुटाखाली करकरणाऱ्या खडीसकट. मग तो डावीकडे वळला आणि विरून गेला.

“बोला ना.”

“नाही,” मी म्हणालो. “डावी बाजू मेलीय.”

“पार मेलीय, का मंद आहे?”

“असून नसल्यासारखी.”

ठकीनं टाळी वाजवली. हेडफोनचा माइक माझ्या तोंडापुढून स्वतःकडे ओढून ती म्हणाली, “ऐकलंस का रे वस्तारा? बाबांनापण येत नाहीये. अपडेटनंच घोळ घातलाय. मी म्हणत होते ना!”

“कानसेनांनी सांगितलं म्हणजे विषय संपला,” हेडफोनमधून तिचा कप्तान म्हणाला. तो दाढी-कटिंगच्या दुकानात कामाला आहे, म्हणून खेळात त्याचं नाव वस्तारा.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला शिलाई मशीन थांबलं. “काय म्हणाले?” आमची ही म्हणाली. “ऐकू येत नाही, असं हे स्वतःच्या तोंडानं म्हणाले? तारीख लिहून ठेव गं ठके.”

ठकी हसली. मीही हसलो. तो गुरुवार होता.

मी तेहतीस वर्षं पाणीखात्यात गळती शोधायचं काम केलं. रस्त्याखालचा नळ कुठे फुटलाय ते वरून कळत नाही. पाणी एकीकडे फुटतं आणि चार घरं सोडून वर येतं. माझ्याकडे एक लोखंडी सळई असायची, तिच्या एका टोकाला लाकडी वाटी. सळईचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि श्वास धरून ऐकायचं. धडका नळ गुणगुणतो, फुटका फिसफिसतो. जिथे फिसफिस सगळ्यांत मोठी, तिथे रस्त्यावर खडूनं फुली मारायची, आणि खोदाईवाले ती फुली बघून खोदायचे. पाणी लागलं तर कुणी काही बोलायचं नाही. नाही लागलं, तर त्याला कोरडा खड्डा म्हणायचे. ज्याची फुली त्याचा खड्डा. खोदाईवाले फावडी टाकून कडेला विड्या ओढत बसायचे आणि फुली मारणाऱ्यानं सगळ्यांदेखत एकट्यानं तो बुजवायचा. हा नियम साहेबांनी केलेला नव्हता, खोदाईवाल्यांनी केला होता, म्हणून तो कधी मोडला गेला नाही.

तेहतीस वर्षांत मी चार खड्डे बुजवले. तेवढ्यावर माझं नाव कानसेन पडलं. गळतीचा अहवाल लिहून द्यायची सक्ती झाली तेव्हा चाळिशी उलटल्यावर मी अक्षरं शिकलो. तोपर्यंत खडूची फुली हीच माझी सही होती.

वाटी नेहमी उजव्या कानाला. डावा कान उघडा, आणि त्याच्या बाजूला दहा हातांवर डांबर फोडायचं मशीन. माणूस ज्या कानानं ऐकतो त्याची काळजी घेतो. दुसऱ्याकडे कोण बघतं? नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली असताना डावा कान गेला. हळूहळू गेला, आणि मला कळत होता जाताना. त्याच वर्षी खात्यानं सगळ्यांचे कान तपासले. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबडी लावली, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काचेत तपासणाऱ्या बाईच्या हाताचं प्रतिबिंब दिसत होतं. तिचं बोट हललं की मी बटण दाबायचो. दोन्ही कान उत्तम, असा शेरा मिळाला. तो कागद मी घरी आणून दाखवलासुद्धा.

तेव्हा त्या गुरुवारी मी खोटं बोललो असं नाही. डावीकडून मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं. पण डावीकडून मला सहा वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं, हे मी सांगितलं नाही. तिला येत नाही म्हणते, मलाही येत नाही, म्हणजे यंत्राचंच काहीतरी असणार, असं मी मनाशी जुळवलं. खडू काढला आणि फुली मारली.

ठकी सव्वीस वर्षांची आहे. पार्सलच्या गोदामात सकाळच्या पाळीला असते. दुपारी घरी येते, जेवते, आणि चार वाजता तिचा खेळ सुरू होतो. इकडे पाच जण, तिकडे पाच जण, सगळ्यांच्या हातात बंदुका. मला आधी वाटायचं, यात नेमबाजीच मोठी. ठकी म्हणाली, “नेम सगळ्यांचाच चांगला असतो, बाबा. ज्याला आधी ऐकू येतं तो जिंकतो.” संघात तिच्याकडे एका जागेची राखण. कोपऱ्यात न हलता बसायचं, भिंतीपलीकडची पावलं ऐकायची, कितीजण कुठून येताहेत ते बाकीच्या चौघांना सांगायचं. तिथलं तिचं नाव ‘पाल’.

हे कळलं त्या दिवशी मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. सेवानिवृत्त माणसाला घरात कुणी काही विचारत नाही. पण त्या खेळात आवाजाच्या सेटिंगचं एक अख्खं पान होतं, त्यावर एकाखाली एक पट्ट्या होत्या, आणि ठकी मला विचारत होती. दोन महिने आम्ही बापलेकींनी मिळून ते पान लावलं.

संगीत पहिल्याच दिवशी शून्यावर नेलं. सोबत्यांच्या बोलण्याचा आवाज पावलांपेक्षा खाली ठेवला. वस्तारा बडबड्या आहे. मग खालचे जाड सूर कापले. स्फोट, बंदुका, इंजिनं यांची घरघर तिथेच असते. “ट्रक गेला की आम्ही थांबायचो,” मी तिला सांगितलं. “घरघर खालच्या अंगाला असते, फिसफिस वरच्या. तुझी पावलं मधे कुठेतरी असणार.” ती एकेक पट्टी वर-खाली करायची आणि मी डोळे मिटून सांगायचो, आता बूट वाजला, आता नाही.

एक सेटिंग असं होतं की बारीक आवाज मोठे व्हायचे आणि मोठे आवाज दबायचे. पावलं खणखणीत यायला लागली. ठकी खूश झाली. मी म्हणालो, “नको. लांबची गळती आणि जवळची गळती सारखीच वाजली, तर खोदायचं कुठे?” तिनं माझ्याकडे बघितलं आणि ते बंद केलं. आवाज चहूबाजूंनी आल्याचा भास करणारी दोन सेटिंग होती, एक कॉम्प्युटरचं आणि एक खेळाचं. दोन्ही लावली की सगळा चिखल. एकावर एक दोन गाळण्या ठेवल्यासारखं. कॉम्प्युटरचं काढलं, खेळाचं ठेवलं. त्यानंतरचे सहा सामने त्यांचा संघ ओळीनं जिंकला. आणखी एक जिंकला की वरचा गट. वरच्या गटात गेलं की खेळ हेच काम, गोदाम सुटणार. तो सामना अडीच आठवड्यांवर आला होता, शनिवारी संध्याकाळी पाचला.

आणि त्या गुरुवारच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, अपडेट आलं. खेळाचे आवाज बदलले. जगभरचे खेळणारे आरडाओरडा करायला लागले, पावलं कळत नाहीत, दिशा चुकते. ठकीनंही त्याच दिवशी तक्रार केली. तिची डावी बाजू मंद झाली होती. सगळ्यांचंच बिघडलंय म्हटल्यावर तिला आपल्या कानाची शंका कशी येणार? आणि जी थोडी आली होती, ती मी गुरुवारी मिटवली.

मग ती सेटिंगच्या मागे लागली. कॉम्प्युटरमध्ये डावं आणि उजवं वेगळं करता येतं. शुक्रवारी तिनं डावं दहानं वाढवलं. शनिवारी आणखी दहा. “आता बरोबर झालं,” म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी पडायचं. “हे अपडेट रोज बदलतंय की काय,” असं एकदा म्हणाली. डावं शंभरावर टेकलं, तेव्हा ती उजवं कमी करायला लागली.

पहिल्या रविवारी आम्ही जेवत होतो. ही तिच्या डाव्या बाजूला बसली होती.

“ठके, मीठ दे.”

ठकीनं ऐकलं नाही.

“अगं ठके!”

ठकीनं मान वळवली. आवाज आला तेवढीच नाही, त्याच्याही पलीकडे, उजवा कान पुढे करून, ओठांकडे बघत. ती मान मला माहीत होती. सहा वर्षं मी तीच मान वळवत होतो.

“बापावर गेली,” ही म्हणाली. “या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं.”

पाल या नावानं तिला मारलेली हाक मी हजारदा ऐकली होती. त्या रविवारी माझ्या मनात दुसरीच पाल चुकचुकली.

“तुला सर्दी झालीय का गं?” मी विचारलं.

“थोडी. कानात दडे बसलेत. शिट्टी वाजतेय बारीक.”

“वाफ घे.”

एवढंच बोललो. डॉक्टरकडे चल म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मग ती म्हणाली असती, बाबा, तुम्हीच तर ऐकलंत, तुम्हालाही येत नव्हतं. मग मला पुढचं सांगावं लागलं असतं. आठवडाभर रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगू. रोज चार वाजले की ती हेडफोन चढवायची आणि मी खुर्ची ओढून बसायचो.

आठवडा उलटल्यावर सोमवारी तिला गोदामातून यायला उशीर झाला. सराव सुरू झाला होता. तिनं घाईत हेडफोन उचलला आणि डोक्यावर घातला, आणि दुसऱ्या क्षणी किंचाळून फेकून दिला. तो टेबलावर आपटून लोंबकळत राहिला.

“काय झालं? शॉक लागला?” ही उठून आली.

ठकी टेबलाकडे वाकली. तिनं हेडफोन उचलला. माइक चुकीच्या बाजूला होता. तिनं तो उलटा घातला होता. शंभरावर नेलेली डावी बाजू तिच्या उजव्या, चांगल्या कानात कानाखाली मारल्यासारखी वाजली होती. तिनं तो सुलटा घातला. थांबली. पुन्हा उलटा घातला, हातानं जरा लांब धरून. पुन्हा सुलटा.

“बाबा,” ती म्हणाली, “हेडफोन चांगला आहे.”

कानाच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी वेळ दिली. ठकीला काचेच्या खोलीत बसवलं, तसंच बटण हातात दिलं. मी बाहेरच्या बाकावर होतो. काचेत प्रतिबिंब दिसत होतं, पण ठकी पायाकडे बघत बसली होती. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा तिचा अंगठा कितीतरी वेळ हललाच नाही.

बाईंनी आलेख समोर ठेवला. “हे कधीपासून?”

“आज चौदा दिवस झाले.”

“चौदा! अहो, असा अचानक गेलेला कान म्हणजे धावत यायचं असतं. पहिल्या तीन-चार दिवसांत गोळ्या सुरू केल्या तर बऱ्याच जणांचा परत येतो. आता मी देते औषध, शनिवारी परत बघू. पण उगाच आशा लावणार नाही मी.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “इतके दिवस काय केलंत?”

“सेटिंग बदलत होते,” ठकी म्हणाली.

“म्हणजे?”

“मला वाटलं, मशीनमध्ये बिघाड आहे. बाबांनी ऐकून बघितलं. त्यांनापण डावीकडून येत नव्हतं.” तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “बाबांचा कान फार तयार आहे. रस्त्याखालचं पाणी ऐकायचे ते.”

“हो का?” बाई माझ्याकडे बघून हसल्या. “मग काय, मोठाच माणूस.”

मी औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. नंतर उलगडून परत घडी केली.

बुधवारी ती गोदामात गेली नाही. चार वाजता टेबलापाशी जाऊन बसली आणि हेडफोन घातला. आवाज अगदी कमी ठेवला होता. डाव्या-उजव्याचं मिश्रण करून सगळं दोन्हीकडे सारखं वाजवायचं एक सेटिंग असतं, ते लावून बघितलं. पावलं ऐकू यायची, पण कुठून ते कळायचं नाही. ती दोनदा पाठीत गोळी खाऊन मेली.

मला राहवलं नाही. “ते काढ,” मी म्हणालो. “डावं-उजवं वेगळंच राहू दे. कानाला बाजू कळत नसेल तर मान फिरवायची. तुझा खेळातला माणूस हळूहळू फिरव. आवाज वाढतोय का बघ. जिथे सगळ्यांत मोठा होईल, तिथे तो गडी तुझ्या उजव्या खांद्याच्या रेषेत असणार. मग काटकोनात वळ, समोर सापडेल.”

तिनं केलं. वस्तारा तिच्यासाठी सरावाच्या कोठारात फिरत होता. ती वळली, थांबली, आणखी वळली, आणि तो बरोबर तिच्यासमोर आला. पुन्हा केलं. पुन्हा सापडला. मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीतून पुढे सरकलो.

“मोठा आवाज आला म्हणून थांबायचं नाही,” मी सांगत होतो. “जरा पुढे जाऊ द्यायचं, कमी झाला की परत यायचं. म्हणजे मधली जागा पक्की होते. आणि पाठीमागून आला तर फसगत होते, तेव्हा अर्धं पाऊल बाजूला सरकायचं. रस्त्यावरून चालताना डावीकडच्या भिंतीचा आवाज परत येतो, त्याच्यावरून…”

“आणि तो थांबला नाही तर?”

“काय?”

“पाणी एका जागी फुटतं, बाबा. तुम्ही येईपर्यंत तिथेच असतं. ही माणसं थांबत नाहीत.” तिनं वस्ताराला सांगितलं, “आता खऱ्यासारखा ये.”

तो आला. ती वळायला लागली. मी मनात एक, दोन म्हणालो. तीन म्हणायच्या आत पडदा लाल झाला. दुसऱ्यांदा लाल झाला. पाच वेळा झाला. पाचव्यांदा वस्तारा काही बोललाच नाही, तेव्हा मला कळलं की तो काय विचार करतोय.

ठकीनं हेडफोन काढून गळ्यात ठेवला. पडद्याकडे बघतच तिनं विचारलं, “तुम्हाला एका कानाचं इतकं कसं माहीत?”

मी खुर्चीत मागे सरकलो.

“डावीकडच्या भिंतीचा आवाज. अर्धं पाऊल बाजूला सरकायचं. हे सळईनं नाही कळत, बाबा.” आता तिनं मान वळवली. “कसं माहीत?”

“सहा वर्षं झाली,” मी म्हणालो.

“कशाला?”

“माझ्या डाव्याला.”

शिलाई मशीन थांबलं. ठकी माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, जणू ती दिवस मोजत होती.

“म्हणजे त्या गुरुवारी…”

“कोरडा खड्डा, ठके,” मी म्हणालो. “माझी फुली.”

तिला तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. ती लहान असताना अशा एका खड्ड्याच्या काठावर मुकादमाच्या मांडीवर बसून तिनं मला माती ओढताना पाहिलं होतं.

“आणि रविवारी?” ती म्हणाली. “जेवताना तुम्ही माझ्याकडे कसे बघत होतात. तेव्हा कळलं होतं ना तुम्हाला?”

“हो.”

“वाफ घे म्हणालात.”

“हो.”

“रविवारी सहावा दिवस होता, बाबा.”

“त्यांना एकट्यांना बोलू नकोस,” मागून ही म्हणाली. तिच्या हातात अर्धी शिवलेली बाही होती. “मलाही ठाऊक होतं. यांच्या डाव्या कानाचं. सहा वर्षं मी यांच्या उजव्या अंगानंच चालते. मी नुसते टोमणे मारले. वाटलं, एवढाच तर मान उरलाय माणसाचा, कशाला काढून घ्या.”

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, तिला ती बाजू आवडते.

ठकी रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पडद्याकडे वळली आणि तिनं आवाजाच्या सेटिंगचं पान उघडलं. दोन महिन्यांच्या आमच्या पट्ट्या तिथे होत्या, कापलेली घरघर, मधे उचललेली पावलं, शून्यावरचं संगीत. पानाच्या खाली एक बटण होतं, सगळं पूर्वीसारखं करायचं. तिनं ते दाबलं. पट्ट्या आपापल्या जागी परत गेल्या. मग तिनं हेडफोनची वायर उपटून काढली, आणि खोलीभर संगीत वाजायला लागलं. त्या खेळाला इतकं मोठं संगीत होतं हे मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. आम्ही तिघंही ते संपेपर्यंत तसेच बसून होतो.

गुरुवारी तिनं वस्ताराला फोन केला. फोन उजव्या कानाला. “माझ्या जागी दुसरं कुणी घे,” म्हणाली. तिकडून तो बराच वेळ काही बोलत होता. शेवटी ती म्हणाली, “नाही रे. सेटिंगचा प्रश्न नाहीये.”

शनिवारी बाईंनी परत बोलावलं होतं. जायच्या वेळी ठकी दारात चप्पल घालत होती, मी म्हणालो, “मीपण येतो.” ती नको म्हणाली नाही.

तिची तपासणी आधी झाली. बाईंनी नवा आलेख जुन्याशेजारी ठेवला आणि चष्मा काढून पुसला. रेघ होती तिथेच होती. ठकीनं मान डोलावली.

“बाई,” मी म्हणालो, “माझे पण तपासा.”

काचेची खोली, डबडी, बटण. समोरच्या काचेत बाईंचा हात स्पष्ट दिसत होता, आणि त्यांच्यामागे बाकावर ठकी. ती माझ्याकडेच बघत होती. मी डोळे मिटून घेतले. उजव्या कानात आवाज आले तसे बटण दाबत गेलो, मोठे, लहान, अगदी बारीक. मग काही येईनासं झालं. अंधारात बसून राहिलो. आता बाईंचं बोट हलत असेल, आता परत हलत असेल. ठकी ते बघत असेल. अंगठा बटणावर होता, तो मी उचलून मांडीवर ठेवला.

बाहेर आलो तेव्हा बाईंनी दोन्ही कागद ठकीच्या हातात दिले. तिनं माझा कागद वर धरून बघितला, स्वतःचा बघितला, आणि दोन्ही एकत्र घडी करून पिशवीत टाकले.

रस्त्यावर आलो तर पाच वाजून गेले होते. सामना सुरू झाला असणार. चौकात घड्याळ होतं, दोघांनीही त्याच्याकडे बघणं टाळलं. ठकीला माझं बोलणं ऐकू यावं म्हणून मी तिच्या उजव्या अंगाला चालत होतो. थोडं पुढे गेल्यावर मला तिचा जबडा हलताना दिसला. ती माझ्या डाव्या बाजूला होती. काय बोलली, किती बोलली, मला काही कळलं नाही. सहा वर्षं अशा वेळी मी हं म्हणत आलो होतो.

मी थांबलो. “ऐकू आलं नाही,” मी म्हणालो. “परत सांग.”

ठकी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं राहू द्या अशी मान हलवली, आणि चालायला लागली.

चौक ओलांडायचा होता. गाड्या डावीकडून येत होत्या, आणि डावीकडचं आमच्या दोघांपैकी कुणालाच ऐकू येत नव्हतं. मी मागून वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला गेलो आणि गाड्यांकडे तोंड करून उभा राहिलो. त्या बाजूनं मी काहीही बोललो असतो तरी ते तिच्यापर्यंत पोचलं नसतं. रस्ता मोकळा झाला तसा मी हात पुढे केला आणि ती चालू लागली. पलीकडे गेल्यावरही मी बाजू बदलली नाही. ती घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. फुटपाथ जुन्या फरशांचा होता, काही सुटलेल्या, काही पक्क्या, आणि माझ्या उजव्या कानात तिची पावलं एकेक करून पडत होती.